सावे यांची एकेचाळीस पुस्तकं

१९८६च्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी एका शाळेचं कॅफेटेरिया, मराठी मंडळाची वार्षिक सभा, हजर सभासद चौसष्ट, मुलं वेगळी. मंडळाच्या ग्रंथालयात पुस्तकं असायला हवी होती तीनशे बारा. भरली दोनशे एकाहत्तर. कमी एकेचाळीस. खजिनदार या नात्याने हा आकडा मी वाचून दाखवला. शेजारच्या खुर्चीवर अध्यक्ष डॉ. देशकर होते. समोर तिसऱ्या रांगेत रमाकांत सावे, त्यांच्या पत्नी नलिनीवहिनी आणि दोन मुली. ग्रंथालय सावे यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये होतं आणि नऊ वर्षं तेच ते सांभाळत होते.

"सावेसाहेब, यावर काही सांगता का?" देशकरांनी विचारलं.

सावे उठले. अंगात नेहमीचा करडा स्वेटर. दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मोजणी बरोबर आहे."

आणि बसले.

मागून कोणीतरी म्हणालं, "एकेचाळीस म्हणजे यार, अख्खं शेल्फ गेलं की." दुसरं कोणी म्हणालं, "गराज सेल लावून विकली असतील." थोडं हसू झालं. नलिनीवहिनींनी धाकटीच्या केसांतली क्लिप काढून पुन्हा लावली. पुढचा विषय होता दिवाळीच्या जेवणाचा हिशेब, तो मी वाचायला घेतला.

त्या वेळी त्या खोलीत निदान दोघांना ठाऊक होतं की त्या एकेचाळिसातली काही पुस्तकं कुठे आहेत. एक सावे. दुसरा मी.

सावे गेले त्याला तीन वर्षं झाली. माझे वडील त्यांच्या आधी वर्षभर गेले. म्हणून आता हे लिहायला हरकत नाही असं मी धरून चालतो. सावे असते तर त्यांनी हरकत घेतली असती.

ते मूळचे केळव्याकडचे. इथे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात टूल डिझायनर होते. उंच, किंचित पोक काढून चालणारे, आणि बोलणं इतकं कमी की नव्या माणसाला वाटावं यांना आपण आवडलो नाही. नलिनीवहिनी म्हणायच्या, "आमच्याकडे फोन मीच उचलते. ह्यांनी उचलला की समोरच्याला वाटतं लाइन कट झाली." त्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होत्या आणि दोघांच्या वाटचं बोलत.

मंडळात एक रिवाज होता, तो सावे यांनीच पाडला. भारतात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने येताना तीन पुस्तकं आणायची. यादी ते देत. देशकर नागपूरचे, त्यांची जीभ सैल. ते म्हणायचे, "जाताना बॅगेत सासुरवाडीसाठी बदाम आणि कॅमेरे, येताना सावेंची पुस्तकं. आमच्या चड्ड्यांनी कुठे जावं म्हणतो मी?" पण आणायचे. अशी तीन-तीन करत तीनशे बारा झाली होती.

बेसमेंटमध्ये सावे यांनी स्वतः फळ्या ठोकून शेल्फं केली होती. मिशिगनच्या उन्हाळ्यात बेसमेंटला ओल येते, म्हणून त्यांनी ओलावा शोषणारं एक यंत्र आणून ठेवलं होतं. त्याखालची पाण्याची बादली ते दिवसातून दोनदा रिकामी करत. प्रवासाला गेले तर शेजारच्या गोऱ्या बाईला किल्ली देऊन जात आणि कागदावर लिहून देत, सकाळी सात, संध्याकाळी सात. प्रत्येक पुस्तकाला दुकानातल्या खाकी पिशव्यांच्या कागदाचं कव्हर, त्यावर पुस्तकाचं नाव, ड्रॉइंगच्या कागदावर लिहावं तशा एकसारख्या उंचीच्या अक्षरांत. मी एकदा पट्टी लावून पाहिली होती. फरक नव्हता.

कोणतं पुस्तक चांगलं आहे हे ते कधी सांगत नसत. विचारलं तर भलतंच काही विचारत. पेंडसे नावाचा एक तरुण इंजिनिअर नोकरी गेल्यावर त्यांच्याकडे आला, म्हणाला, "सावेकाका, काहीतरी लाइट द्या."

"झोप लागते का?" सावे म्हणाले.

"नाही ना."

सावे यांनी त्याला सहाशे पानांची कादंबरी दिली. तीन आठवड्यांनी तो परत आला. "काका, झोप अजून लागत नाही. पण आता तक्रार नाही." सावे यांनी दुसरा भाग दिला.

पुस्तक परत कधी आणू, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वाचून होऊ दे." दंड नाही, मुदत नाही. मला हे पटत नसे. मी कारखान्यात कॉस्टिंगचं काम करतो. एखादी वस्तू कोठारातून बाहेर गेली आणि ती कोणाकडे आहे याचा कागद नाही, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

घरी मात्र त्यांचा आवाज ऐकू यायचा. रोज जेवणानंतर अर्धा तास ते मुलींना मराठी वाचून दाखवत. थोरली मेधा १९८४च्या सुमारास तेरा-चौदाची, धाकटी अश्विनी नऊची. दोघी उत्तरं इंग्रजीत देत, ते मराठीतच वाचत राहत. एका संध्याकाळी मी वर्गणीचे चेक आणायला गेलो होतो तेव्हा वाचन चालू होतं. दारातच थांबलो. गोष्टीतला दरोडेखोर कड्यावरून खाली पडला आणि सावे यांनी पुस्तक मिटलं.

"बाबा, इज ही डेड ऑर नॉट?" मेधा म्हणाली.

"उद्या."

"दॅट्स नॉट फेअर. अ‍ॅश रडेल."

"आय ॲम नॉट रडिंग," अश्विनी म्हणाली. ती रडत होती.

सावे यांनी पुस्तक पुन्हा उघडलं आणि एकच वाक्य वाचलं. दरोडेखोराचा हात एका मुळीला लागला होता. मग मिटलं. एवढा मोठा दिलासा इतक्या कमी शब्दांत देताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. माझा मुलगा अश्विनीच्याच वयाचा होता आणि त्या वेळी मी त्याला फक्त गणित शिकवत असे.

१९८२च्या हिवाळ्यात सावे यांना ले-ऑफ मिळाला. पाच महिने घरी होते. नलिनीवहिनींखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. आम्हाला कळलं तेव्हा ते पुन्हा कामावर रुजू झाले होते. त्या पाच महिन्यांत त्यांनी एक काम सुरू केलं आणि पुढे सोडलं नाही.

इथे आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात. मुलगा आणि सून कामावर, नातवंडं शाळेत. बाहेर गुडघाभर बर्फ, गाडी चालवता येत नाही, चालत जावं तर फुटपाथ नाही. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत ती माणसं खिडकीतून ड्राइव्ह-वे बघत बसतात. हे सगळ्यांच्या घरात होतं. प्रत्येकाला वाटे, आपल्याच आई-वडिलांना करमत नाही, बाकीच्यांचे मजेत असतील. सावे अशा घरी खाकी पिशवीत दोन पुस्तकं घेऊन जात. ले-ऑफच्या काळात रोज, नंतर दर शनिवारी सकाळी. तासभर बसत. पुढच्या वेळी ती दोन घेऊन दुसरी दोन ठेवत.

आमच्याकडे माझे वडील १९८५च्या ऑगस्टमध्ये आले. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. आई वर्षापूर्वी गेली होती. मी त्यांना टीव्ही दाखवला, थर्मोस्टॅट समजावून सांगितला, फ्रिजवर माझ्या ऑफिसचा नंबर मोठ्या आकड्यांत लावला, उबदार जाकीट घेतलं. सगळं केलं. बोलायला आमच्यात फारसं काही नव्हतं. संध्याकाळी ते विचारत, "आज काय काम झालं?" मी सांगत असे. मग ते म्हणत, "बरं."

शनिवारी सावे आले की माझी बायको माधुरी चहा ठेवी आणि मी गाडीत तेल, हवा बघायला बाहेर जाई. एकदा हातमोजे विसरलो म्हणून परत आलो तर स्वयंपाकघरातून अण्णांच्या हसण्याचा आवाज आला. त्यांना मोठ्याने हसताना मी शाळकरी वयानंतर ऐकलं नव्हतं. सावे त्यांना "गुरुजी" म्हणत होते. कशावर हसले ते मी विचारलं नाही. हातमोजे घेऊन गेलो.

जानेवारीत अण्णा परत निघाले. बॅगा मी वजनकाट्यावर ठेवल्या. एकीला सत्तर पौंडांची मुभा, भरली चौऱ्याहत्तर.

"अण्णा, चार पौंड काढावे लागतील."

अण्णांनी बॅग उघडली, मी घेतलेलं जाकीट काढलं आणि पलंगावर ठेवलं. "गावाला थंडी नाही एवढी," म्हणाले. जाकिटाच्या जागी, धोतराच्या घड्यांखाली, मला खाकी कागदाच्या कडा दिसल्या. दिसल्या म्हणजे दिसल्याच. सावे यांनी भेट दिली असतील, असं मी मनाशी म्हटलं आणि बॅग बंद केली. पुन्हा वजन केलं. एकोणसत्तर.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मी ग्रंथालयाची मोजणी काढली. कोणी सांगितली नव्हती. नऊ वर्षांत ती झाली नव्हती एवढंच कारण. दोन रविवार मी सावे यांच्या बेसमेंटमध्ये बसलो. प्रत्येक पुस्तकामागे एक कार्ड होतं आणि कार्डावर वाचकाचं नाव. एकेचाळीस कार्डं अशी निघाली की पुस्तक शेल्फवर नाही आणि शेवटच्या ओळीत नावाच्या जागी नुसती एक आडवी रेघ.

"ह्यांची नावं?" मी विचारलं.

"मला माहीत आहेत."

"मग लिहा ना."

सावे बादली रिकामी करायला उठले होते. ती हातात धरूनच म्हणाले, "लिहिलं की मागावं लागेल."

"अहो, मागायलाच हवं. मंडळाची मालमत्ता आहे."

ते बादली घेऊन वर गेले. नलिनीवहिनी जिन्यातून म्हणाल्या, "निकम, जेवूनच जा. मोजताना भूक लागत असेल." टोमणा होता हे मला घरी पोचल्यावर कळलं.

सभेच्या आधीच्या गुरुवारी अण्णांचं निळं हवाई पत्र आलं. तब्येत, शेताची वाट, चुलतभावाच्या मुलीचं लग्न. आणि शेवटी, कागद संपत आला म्हणून बारीक अक्षरांत, 'सावे यांस नमस्कार सांगणे. त्यांची पुस्तके तिसऱ्यांदा वाचीत आहे.'

मोजणीसाठी घरी आणलेली कार्डं मी काढली. १९८५चा ऑगस्ट ते ८६चा जानेवारी. रेघ असलेली सात कार्डं त्या काळातली होती आणि रेघेपुढे शनिवारची तारीख होती.

तेव्हा सभेला तीन दिवस होते. अहवाल टाइप झाला होता, झेरॉक्स निघाल्या होत्या. विषय मागे घ्यायचा तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायचं तर चौसष्ट माणसांसमोर म्हणावं लागलं असतं की मंडळाची पुस्तकं माझे वडील बॅगेत घालून घेऊन गेले आणि ती बॅग मी स्वतः वजन केली. मी माधुरीलाही बोललो नाही. रविवारी उभा राहिलो आणि वाचलं. सावे नावं सांगतील की काय, ही धास्ती वाचताना होती. ते म्हणाले, मोजणी बरोबर आहे. मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला अजून आठवतं, नेमकं कुठे वाटलं तेही, इथे, छातीच्या खाली.

सभेने ठराव केला की ग्रंथालय देवळाच्या हॉलमधल्या कपाटात हलवावं आणि नियम करावेत. नियम मी केले. डिपॉझिट पाच डॉलर, मुदत चार आठवडे, किल्ली खजिनदाराकडे. पहिल्या वर्षी सव्वीस पुस्तकं बाहेर गेली आणि सव्वीस परत आली. दुसऱ्या वर्षी नऊ.

सभेनंतरच्या डिसेंबरात मी सावे यांच्याकडे गेलो होतो. ते ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढत होते. मी दुसरं फावडं घेतलं. अर्धा ड्राइव्ह-वे झाल्यावर म्हटलं, "त्यातली सात अण्णांकडे आहेत."

"आठ," सावे म्हणाले.

"कार्डं सात आहेत."

"आठवं कवितांचं, लहान. कोटाच्या खिशात गेलं. त्याचं कार्ड मी केलंच नव्हतं." त्यांनी फावडं बर्फात उभं केलं. "गुरुजी विचारून घेऊन गेले. म्हणाले, चाळीस वर्षं शाळेच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, एक पुस्तक घरी नेलं नाही. आता न्यावंसं वाटतंय. मी म्हटलं, न्या. म्हणाले, मुलाला कळू देऊ नका. तो मोजतो."

त्यांनी ते कसलाही भार न देता सांगितलं. मी फावडं चालवत राहिलो.

"पुढच्या सभेत मी सांगतो," मी म्हणालो.

"नको. एकाचं सांगितलं की बाकीच्यांचंही निघेल. सगळी म्हातारी माणसं आहेत."

मी पुन्हा आग्रह केला नाही. एकदा 'नको' म्हणाले, तेवढं मला पुरलं.

१९८८च्या वसंतात त्यांच्या कारखान्याचा डिझाइन विभाग बंद झाला. टेक्सासमध्ये अर्विंगला नोकरी मिळाली. मंडळातून जाणाऱ्या माणसाला आम्ही निरोप देत असू, श्रीखंड-पुरी आणि एक घड्याळ. सावे यांच्या वेळी विषय निघाला तेव्हा कमिटीत कोणीतरी म्हणालं, "त्यांचं ते पुस्तकांचं झालं होतं ना?" आणि विषय पुढे ढकलला गेला. ते ढकलणं इतिवृत्तात मी लिहिलं. भाड्याच्या ट्रकमध्ये सामान चढवायला पेंडसे गेला, मीही गेलो. पुस्तकांची स्वतःची खोकी बावीस होती. शनिवारच्या घरांचं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्या शरदात मंडळात नवी माणसं आली होती. कमिटीच्या बैठकीत पुण्याहून आलेला एक मुलगा म्हणाला, "पूर्वी कोणी सावे होते ना, लायब्ररीची पुस्तकं गायब केली म्हणे?" तो त्यांना कधी भेटला नव्हता. गोष्ट त्याच्यापर्यंत चालत गेली होती आणि वाटेत 'गायब झाली'ची 'गायब केली' झाली होती.

नोव्हेंबरच्या सभेत आयत्या वेळच्या विषयांत मी उभा राहिलो. सांगितलं की ८६ साली मी वाचलेल्या आकड्यातली सात आणि कार्ड नसलेलं एक, अशी आठ पुस्तकं माझ्या वडिलांकडे कराडला आहेत, सावे यांना ते माहीत होतं, आणि वाचताना मलाही माहीत होतं. मला वाटलं होतं शांतता पसरेल.

देशकर म्हणाले, "अहो निकम, एवढंच ना? आमच्या सासूबाईंनी पाच नेली. मला वाटलं त्या भगवद्‌गीताच घेऊन चालल्यात, तर रहस्यकथा." मोठा हशा झाला. मग एकेक जण सांगू लागला. आमच्या आईने तीन. आमच्या काकांनी दोन, वर एक मासिक. एक बाई म्हणाल्या, "सावेकाकाच म्हणाले होते, असू दे, वाचून होऊ दे." दोन वर्षांपूर्वी हीच माणसं त्याच खुर्च्यांवर होती. कोणाला काही वाटताना दिसलं नाही. कोणी मागे जाऊन कॉफी आणली.

त्या संध्याकाळी मी फार हलका झालो होतो. हलकेपणाच्या भरात अण्णांना पत्र लिहिलं. तुमच्याकडील आठ पुस्तकांचा सभेत खुलासा केला आहे, आता कोणाच्या मनात किंतु नाही, तुम्ही चिंता करू नये. नीट, मुद्देसूद पत्र होतं. त्याची प्रतही माझ्याकडे आहे.

जानेवारीच्या अखेरीस पार्सल आलं. रजिस्टर, विमानाने. शिवलेलं मांजरपाट, लाखेच्या पाच मोहरा. पत्ता अण्णांच्या अक्षरात, 'खजिनदार, मराठी मंडळ', खाली आमच्या घराचा. माझं नाव नव्हतं. आत आठ पुस्तकं, कव्हरं जशीच्या तशी. चिठ्ठी शोधली, नव्हती. टपालाचा खर्च तिकिटांवरून मी काढला. त्यांच्या महिन्याच्या पेन्शनीच्या निम्म्याहून जास्त.

पुस्तकं मी मंडळाच्या कपाटात ठेवली नाहीत. मार्चमध्ये कंपनीच्या कामाला डॅलसला जायचं होतं, तेव्हा ती बरोबर घेतली. शुक्रवारी संध्याकाळी सावे मला हॉटेलवरून घरी घेऊन गेले. दोन बेडरूमचं अपार्टमेंट, भिंतीलगत खोकी. मेधा कॉलेजला गेली होती. अश्विनीने पानं मांडली. नलिनीवहिनींनी वालाचं बिरडं केलं होतं आणि ट्रॉयमधल्या एकेकाची चौकशी केली.

जेवण झाल्यावर मी सभेचं सगळं सांगितलं. देशकरांच्या सासूबाईंपर्यंत. मला वाटलं होतं सावे हसतील.

"गुरुजींचं नाव घेतलंत?" ते म्हणाले.

"हो. म्हणजे, तुमच्यावरचा ठपका..."

"त्यांना विचारलं होतं?"

"नाही. पण नंतर कळवलं."

मी पिशवीतून पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. पार्सल कसं आलं ते सांगितलं. सावे यांनी एकेक हातात घेऊन पाहिलं. कवितांचं लहान पुस्तक त्यांनी मध्येच कुठेतरी उघडलं आणि मिटलं. नलिनीवहिनी नळ बंद करून दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"मग आता गुरुजी काय वाचतात?" सावे यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं.

ते रागावले असते तर मी काही उत्तर दिलं असतं. अश्विनीला त्यांनी कात्री आणि चिकटपट्टी आणायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर सोडायला आले तेव्हा मागच्या सीटवर खोकं होतं. "वाटेत पोस्ट आहे," म्हणाले. शनिवार असल्यामुळे रांग मोठी होती. माझं विमान साडेअकराचं, मी घड्याळ पाहत होतो. रांगेत उभ्या उभ्या त्यांनी कस्टमचा फॉर्म भरला. अक्षरं तीच, एकसारख्या उंचीची. कराडचा पत्ता त्यांना पाठ होता. पाठवणाऱ्याच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. वस्तूंच्या जागी लिहिलं, पुस्तकं, नऊ. मी म्हटलं, "आठ." ते म्हणाले, "एक त्यांनी वाचलेलं नाही."

काउंटरवरच्या बाईने विचारलं, बोटीने की विमानाने. बोटीने तीन महिने लागतात आणि खर्च पाव होतो.

"एअर," सावे म्हणाले.

मी पाकीट काढलं होतं. मागे न वळता त्यांनी कोपराने माझा हात बाजूला केला, खिशातून नोटा काढल्या आणि त्या बाईला एकतीस डॉलर चाळीस सेंट मोजून दिले.